वहिनींनी दिलेली गोळी

वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, औषधांच्या कारखान्यात गोळ्या दाबण्याच्या यंत्रावर, राहणार कारखान्यामागील कामगार वसाहत. समक्ष हजर राहून सांगतो की, गेल्या महिन्यात वहिनींविरुद्ध तक्रार देणारा मीच. आज कोणी बोलावलेलं नाही, आपणहून आलो आहे.

माझे वडील मोठ्या भावाच्या घरी राहत. भाऊ परगावी नोकरीला, त्यामुळे त्यांचं सगळं वहिनीच करत. बाबांना आकडी येई. त्यावरच्या गोळ्या आमच्याच कारखान्यात होतात, कामगारांना सवलतीत मिळतात. त्या मी नेऊन देई आणि मुलाचं कर्तव्य झालं असं समजे.

गोळ्या चालू असून आकडी वाढली. वहिनी म्हणाल्या की गोळी जशीच्या तशी बाहेर पडते, बेडपॅनमध्ये त्यांनी पाहिली. मी हसलो. गोळ्या बनवणाऱ्याला गोळ्या शिकवताय का, असं विचारलं. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबांच्या देखतच म्हणालो की तुम्ही गोळी देतच नसाल. पुढे आकडीतच बाबा गेले. मी इथे येऊन वहिनींचं नाव दिलं. त्यांना दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

परवा वहिनींनी उरलेल्या गोळ्या माझ्या घरी पाठवून दिल्या, निरोप काही नाही. पाकिटावरचा बॅच नंबर पाहिला, माझ्याच यंत्रावरची बॅच निघाली. एक गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकली. ती पाव तासात फुटायला हवी. जेवून उठलो तरी तळाशी तशीच, वरची रेघसुद्धा शाबूत.

गोळी पोटात फुटावी म्हणून तिच्यात खास प्रक्रिया केलेला स्टार्च घालतात. पाणी लागलं की तो फुगतो आणि गोळी आतून फोडतो. या गोळीत तो शेवटी, कोरडाच मिसळायचा असतो. मिक्सिंगवाल्याने कबूल केलं की घाईत त्याने तो ओल्या मिश्रणातच घातला. तिथेच फुगून त्याचा जोर गेला. तरी पहिला नमुना जेमतेम पास झाला होता. मग गोळ्यांच्या कडा उडू लागल्या म्हणून यंत्राचा दाब मी वाढवला, त्याने गोळी आणखी घट्ट झाली. त्यानंतर नवा नमुना तपासणीला द्यायचा असतो. शिफ्ट संपत आली होती, मी दिला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, मी तर वळसा घालून पोलीस ठाण्यात आलो.

बॅच बाजारातून परत मागवावी असं कारखान्यात कळवलं आहे. वहिनींवरची तक्रार मी मागे घेतो. कारवाई करायची तर माझ्यावर करावी.

हेच सांगायला काल वहिनींकडे गेलो होतो. त्या दारातच म्हणाल्या, "तक्रार घ्याल हो मागे, भावोजी. जायच्या आदल्या दिवशी बाबांनी विचारलं, खरंच देतेस ना गं गोळी? मी हो म्हटलं, तर त्यांनी मान फिरवली. आता त्यांना कोण सांगणार?"

जबाब मला वाचून दाखवला. वहिनींचं बोलणं तपासाला लागत नाही, गाळू का, असं विचारलं असता मी नको म्हणालो. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.