बापाच्या वाटणीची सिगारेट

सर्बियातल्या नीश शहराच्या इस्पितळात शेजारच्या बाकावर नवरा-बायको कुजबुजत होती. कानांना झाकण नसतं, म्हणून ऐकलं.

“व्हितोमिर, सोमवारी तुमचं फुप्फुस कापणार आहेत. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना खरं सांगा.”

“त्यांनी सांगितलेली वाफेची सिगारेट ओढतोय की!”

“सिगारेटच्या जागी ओढा म्हणाल्या होत्या, जोडीला नव्हे! तुमचा कोट हुंगलाय मी.”

“ती माझी नव्हती गं, देसांका. शनिवारी पितरांचा दिवस होता, रीतीप्रमाणे बापाच्या थडग्यावर पेटवून ठेवली. पेटवायला एक झुरका मारावाच लागतो.”

“आणि मंगळवारी? तेव्हाही बापानेच मागितली?”

“…त्याला आवडायची.”

“या धुरापायी ऑपरेशनची जखम भरली नाही तर बापाशेजारीच निजाल. मग तुमच्या थडग्यावर मी सिगारेट लावणार नाही, हे वाफेचं यंत्र ठेवीन. चार्ज करून! सगळं कब्रस्तान हसेल.”

“अशुभ बोलू नकोस. भीती वाटते गं.”

“मला नाही वाटत? पाकीट द्या इकडे.”

“घे.”

“लायटर?”

“तो बापासाठी राहू दे.”

“सासऱ्यांची मी पेटवीन.”

“तू? जन्मात कधी ओढली नाहीस.”

“खोकेन. द्या.”

आतून नाव पुकारलं, तेव्हा लायटर तिच्या मुठीत होता.