बंदरावरची बोकडं

प्रियंका : ...ते मला सांगू नका, आबा. बाळंतपणाच्या आधी घरी येतो म्हणाले होते का न्हाई? माहेरी साखऱ्याला आले तर चूल थंड, अंगणात पालापाचोळा. शेजारच्या जनकामावशी नसत्या तर पहिल्या दिवशी उपाशीच निजले असते.

मुंजाजी : व्हय माय. चुकलंच माहं. जहाज लागलं का निघतो म्हणत होतो.

प्रियंका : मग लागलं का न्हाई अजून?

मुंजाजी : लागलंय. इथून दिसून राहिलंय. उद्या सकाळी जनावरांचे डॉक्टर शेवटचं पाहतील, सही करतील. बोकडं चढली का मी मोकळा.

प्रियंका : मग आवाज असा काहून? रडून राहिले का?

मुंजाजी : रडतंय कोन. खारं वारं हाय इथं, घसा बसतो. बोलायला बी कोनी न्हाई, त्यानं बी बसत असंल.

प्रियंका : एवढं मोठं बंदर, अन् माणसं न्हाईत?

मुंजाजी : माणसं तारेच्या पल्याड. त्यांनी आत यायचं न्हाई, म्या भाहिर जायचं न्हाई. कोरोनात आपल्याला कोंडलं होतं ना, तसंच हे, बोकडांसाठी. भाकर बी फाटकाशी ठेवून जातात. बुटाला लागून रोग येतो म्हणे. दिवसभर बोकडांशीच बोलतो. ती बी आता कटाळलीत मला.

प्रियंका : तुमाला जा कोनी म्हणलं होतं? कलीमभाई व्यापाऱ्यानं जवळा बाजारात बोकडं घेतली, जहाजापर्यंत न्यायला त्याची माणसं होती.

मुंजाजी : तुह्या आईची होती ना त्यात. ती गेल्यावर मला एकट्याला वाडा संभाळवंना. इकून टाकली. पण टेम्पोत चढवताना बांड्या माह्याकडं पाहून असा वरडला... तिनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं बोकड. म्हणलं, जहाजापर्यंत तरी जावं संग. घरी तरी काय होतं मला? भिंतीच पाहायच्या.

प्रियंका : बरा हाय ना बांड्या?

मुंजाजी : तोंडात फोड आलेत त्याच्या. लाळ गळून राहिली.

प्रियंका : अन् पाय?

मुंजाजी : लंगडतो. खुरांत बी उतरलंय.

प्रियंका : म्हणजे खुरकूत. डॉक्टर काय म्हणाले?

मुंजाजी : सांगितलं न्हाई त्यांना.

प्रियंका : आबा, मी पशुसखी आहे. शेळ्यांना लस टोचायला दारोदार जाते अन् लोकांना एकच गोष्ट घोकून सांगते, खुरकूत दिसली की जनावर आधी बाजूला बांधा. माह्या बापाला सांगायचं राहिलं का? बाजूला तरी बांधलं का त्याला?

मुंजाजी : न्हाई. उलटंच केलं म्या.

प्रियंका : उलटं म्हणजे?

मुंजाजी : आपल्यात करतात तेच. तुहा आजा करायचा. बांड्याची लाळ फडक्यावर घेतली अन् तारेच्या आतल्या आमच्या कप्प्यातल्या सगळ्या बोकडांच्या तोंडाला चोळली. एकाला झाली, मग दुसऱ्याला, असं चाललं तर रोग वाड्यातून हालत न्हाई. सगळ्यांना संगं झाली का संगंच बरी होते. मोठं जनावर काही खुरकुतीनं मरत न्हाई.

प्रियंका : काय करून बसले हे.

मुंजाजी : हात आपसुक गेला बाई. जल्मभर तेच केलं. फडकं धुवायला बसलो तवा ध्यानात आलं, हा आपला वाडा न्हाई.

प्रियंका : बाकीच्यांत काही दिसतंय का?

मुंजाजी : उद्यापर्यंत दिसायचं न्हाई. तेच तर म्हणून राहिलो. बांड्याला मागं चाऱ्याच्या गंजीआड बसवला, तर सकाळी सही होती. डॉक्टर माह्या कप्प्यात वाकून बी पाहत न्हाई. म्हणतो, काका, तुमच्याकडं पाहायची गरज न्हाई.

प्रियंका : एवढा भरवसा ठेवतो?

मुंजाजी : भला पोरगा हाय. एकदा तारेपल्याड उभा राहून मला सगळं समजावलं. म्हणला, जहाज जातं त्या देशातले लोक ना तुमाला ओळखत ना मला. दोन्ही सरकारांनी बसून कायदा ठरवलाय, जनावर इतकं दिवस कोंडायचं, असं तपासायचं. ते केलंय असं आपण लिहून दिलं का ते आपलं जनावर उतरू देतात. कोनी कोनाला पाहिलेलं नसतं, तरी बराबर चालतं म्हणला.

प्रियंका : अन् सांगितलं त्याला, तर?

मुंजाजी : जहाज निघून जातं. बांड्याला घेऊन जातात. बाकीच्यांचं सगळं पहिल्यापासून. फाटक बंद, मी आत. आता म्या भाहिर पाऊल टाकलं तर माह्या कपड्यासंग रोग जाईल, सोडायचेच न्हाईत. तवर तुहं लेकरू मान धरंल. म्हणून फोन लावला. तू म्हण, आबा या. तू म्हणलीस का म्या तोंड उघडत न्हाई. तुह्या आईला शेवटी तेवढाच घोर होता, पोरीचं पहिलं बाळंतपण, कोन पाहील तिच्याकडं. म्या म्हणलो, मी हाय ना.

प्रियंका : थांबा जरा.

मुंजाजी : काय झालं?

प्रियंका : काही न्हाई. लेकरू लाथा मारून राहिलं.

जनकाबाई : प्रियंका, आगं...

प्रियंका : मावशी, प्यायला पाणी आणा. आबांशी बोलून राहिले ना मी.

मुंजाजी : जनकाबाई हाय का? बरं हाय. खरं सांग माय, किती टाइम हाय तुला?

प्रियंका : नर्सबाईनं काल तपासलं. पंधरा दिवस तरी काही होत न्हाई म्हणाल्या.

मुंजाजी : अन् जावई?

प्रियंका : पुण्याहून निघालेत. सुट्टी मिळाली त्यांना. माही काळजी करू नका. मी काय म्हणते ते ऐका. मोठं जनावर मरत न्हाई, बराबर आहे. पण पिती पिल्लं?

मुंजाजी : पिती पिल्लं जगत न्हाईत.

प्रियंका : बांड्या जल्मला त्या साली त्याच्यासंगची सगळी खुरकुतीनं गेली होती. आई आठ दिवस धड जेवली न्हाई. तिकडं बी असंल ना कोनी बाई, बाटलीनं पाजणारी. तिला काय ठाऊक साखऱ्याचा मुंजाजी कोन अन् त्याचं फडकं कोनतं. तिच्या दारात पिल्लं पडतील अन् तिला कळायचं बी न्हाई कशानं पडली.

मुंजाजी : म्हणजे येऊ नको म्हणतीस.

प्रियंका : सांगून टाका म्हणते.

मुंजाजी : मला वाटलं व्हतं तू रडशील. या म्हणशील.

प्रियंका : मला बी तसंच वाटलं होतं.

मुंजाजी : बांड्याला नेतील गं.

प्रियंका : न्यायच्या आधी हात फिरवा त्याच्या पाठीवरून. माह्या वाटचा बी.

मुंजाजी : डॉक्टर फाटकावर आलाय. जेवून आला वाटतं.

प्रियंका : मग आत्ताच सांगा. मी फोन ठेवत न्हाई. ऐकते.

मुंजाजी : ...डॉक्टरसाहेब. ओ डॉक्टरसाहेब. न्हाई, आत येऊ नका. तिथंच थांबा, फाटकाला हात बी लावू नका. माह्या कप्प्यात खुरकूत हाय. अन् म्या एक वंगाळ काम केलंय, ते बी सांगतो.

(प्रियंका सगळं ऐकून घेते, मग फोन बंद करते.)

जनकाबाई : झालं का बोलून? किती वेळ दात आवळून बसलीस. दवाखान्याची गाडी मारुतीच्या पारापाशी येऊन उभी हाय.

प्रियंका : चला. उठवा मला.

जनकाबाई : सकाळपासून कळा येऊन राहिल्यात अन् बापाला पंधरा दिवस सांगतीस? जावयाला सुट्टी कवा मिळाली?

प्रियंका : न्हाई मिळाली. खरं सांगितलं असतं तर आबांनी तिथं तोंड उघडलं नसतं, मावशी. मी त्यांना वळखते. बांड्याला झाकून पळत आले असते.

जनकाबाई : आले असते तर बरं न्हवतं का तुला?

प्रियंका : लई बरं होतं.

जनकाबाई : आता रडू नको. मी हाय संग.

प्रियंका : तुमी आहे म्हणून तर उठून राहिले. पण भ्या वाटतं मावशी. आई पाहिजे होती. न्हाई तर आबा तरी.

जनकाबाई : हळू. उंबरा हाय. माह्या खांद्यावर हात ठेव. दार नुसतं लोटू का कडी लावू?

प्रियंका : कडी लावा. मागं घरात कोनीच न्हाई.