बियाला ठेवलेली काकडी

सून : आणि वांगी?

मुलगा : वांगी लावायचीच. काटेरी जांभळं एका कुंडीत, पांढरं दुसऱ्या कुंडीत. पांढऱ्याचं जुनं वाण आता फार कमी जणांकडे राहिलंय.

सून : लावायचं कळलं. मी विचारतेय, खायची कधी?

मुलगा : खायची म्हणजे?

सून : तोंडाने.

बाबा : सूनबाई, हाच प्रश्न मी मागच्या हंगामात विचारला होता. हा भरल्या ताटावरून उठून गेला.

मुलगा : बाबा, मी रागावून नव्हतो उठलो. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा वर नको का जायला?

सून : हे बघ, जेवायच्या टेबलावर बियांची एवढी पाकिटं मांडून तूच विचारलंस, यंदा काय लावायचं. मी सांगते. जे पोटात जाईल ते लावायचं. इतकी वर्षं गच्चीवर बाग आहे आपली आणि मी तिथलं एक पान चाखलेलं नाही.

मुलगा : पान कसं चाखणार? कोथिंबिरीची पानं खुडली की झाड खचतं. मग फुलोरा कमी येतो, धणे बारीक राहतात.

सून : आणि धण्यांचं काय करायचं?

मुलगा : पुढच्या वर्षी पेरायचे.

सून : पुढच्या वर्षी येतील त्यांचं?

मुलगा : बघ, आता तुला कळायला लागलंय.

बाबा : माझं एक साधं म्हणणं होतं.

मुलगा : काकडी सोडून बोला, बाबा.

बाबा : मग माझं म्हणणं संपलं.

सून : टोमॅटोचं तरी ऐक. टोमॅटोचं बी काढून घेतलं की बाकीचा खाता येतो. एवढं मलाही कळतं.

मुलगा : बी गरासकट आंबवायला लागतं. त्याशिवाय वरचा बुळबुळीत पदर सुटत नाही.

सून : त्याला चमचाभर गर पुरतो. तू आख्खा टोमॅटो बरणीत घालतोस.

मुलगा : मी धोका पत्करत नाही.

सून : काल खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, वाईट वाटलं हो, तुमची बाग वाळली. मी म्हटलं, छे हो, ती आत्ता कुठे भरात आलीय.

मुलगा : बरोबर सांगितलंस.

सून : त्यांनी मला घरात नेऊन खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. त्यांना वाटलं, मला धक्का बसलाय.

मुलगा : लोकांना हिरवं दिसलं की बाग वाटते. शेंग हातात घेऊन हलवली की वाजली पाहिजे, तेव्हा ती खरी तयार.

सून : वाजतंय ना. आपल्या कपाटावर वाजतंय. पंखा लावला की तुझे वाळके दुधी एकमेकांवर आपटतात. मी दिवसभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून घरी येते, जरा पाठ टेकते, तर वर खुळखुळे सुरू.

मुलगा : दुधी सुकायला हवेशीर जागा लागते.

बाबा : हवा माझ्या खाटेखालीही आहे. म्हणून तिथे काळा घेवडा आहे. त्याच्या शेजारी झबली.

सून : कुणाची झबली?

बाबा : भोपळ्याच्या फुलांची. कळीला घालायची आणि नाडी ओढायची, म्हणजे परक्या वेलावरची माशी आत शिरत नाही. जन्मभर माणसांचे कपडे शिवले, सूनबाई. म्हातारपणी भोपळ्याचं गिऱ्हाईक आलं. मी बेतून, शिवून, इस्त्री करून दिली. दुसऱ्या दिवशी हा सांगत येतो, गळ्याशी सैल होतंय.

मुलगा : देठाशी, बाबा. देठाशी सैल होतं. त्या फटीतून मुंग्या आत गेल्या.

बाबा : मी म्हटलं, गिऱ्हाइकाला पाठवून दे माझ्याकडे, गळा आवळून देतो. फुलांना येता येत नाही, म्हणून मीच वर गेलो माप घ्यायला.

सून : बरं, भाज्या राहू देत. पुदिना लाव. पुदिना तर नुसती काडी खोचली तरी येतो, त्याचं बी कुणी धरत नाही. तो मला खुडता येईल.

मुलगा : त्याचं बी धरता येत नाही म्हणूनच मी तो लावत नाही.

सून : आणि फुलं? झिनिया एवढी लावतोस. फुलदाणीत दोन आणून ठेवली तर काय बिघडेल?

मुलगा : फुलदाणीत बी भरत नाही. फूल देठावर वाळून काळं पडावं लागतं.

सून : बाबा, लग्नाच्या वाढदिवसाला याने मला वाळकं सूर्यफूल दिलं होतं. मी म्हटलं, चला, मनात तरी आलं याच्या. संध्याकाळी परत मागून घेतलं.

मुलगा : तू त्यातल्या बिया सोलत होतीस.

सून : भूक लागली होती मला. हे बघ, मी भांडत नाही. एवढ्या कुंड्या आहेत, त्यातल्या दोन माझ्या. एकीत वांगं, एकीत टोमॅटो. पिकेल ते मी तोडणार, चिरणार, खाणार. तू तेव्हा दुसऱ्या खोलीत बस.

मुलगा : बाजारातून आणतोच की आपण वांगी. ती खा ना. ती खाण्यासाठीच असतात.

सून : आणि आपली कशासाठी असतात?

मुलगा : राहण्यासाठी.

बाबा : मला कुंडी नको. मला ती एक काकडी हवी होती.

मुलगा : बाबा, किती वेळा सांगू? ती बियाला ठेवलीय. वेलावरची पहिली, सरळ, निरोगी काकडी बियालाच ठेवायची असते. चांगली जाड, पिवळी होईपर्यंत हात लावायचा नाही.

सून : दुसरी द्यायचीस त्यांना.

मुलगा : दुसरी पहिलीपेक्षा सरळ निघाली.

सून : तिसरी?

मुलगा : ती राखीव. पहिल्या दोघींना काही झालं तर? आणि झालंच. एकीला अळी लागली, एक सडली. आता तिसरी एवढीच उरलीय वेलावर.

बाबा : माझ्या आईच्या वेलाचं बी आहे ते. ती गेल्यावर तिच्या सुयांच्या डब्यात मला सापडलं, मी तुझ्या हातात दिलं. का दिलं? तू लावशील, मग एक दिवस मी खाईन, म्हणून दिलं. दरवर्षी वेल चढतो, फुलतो, काकड्या धरतो, त्या पिवळ्या होऊन बरणीत जातात. मी नुसता येऊन-जाऊन बघतो.

सून : आम्हाला माहीत आहे, बाबा, तुम्हाला किती वाटतं ते.

बाबा : नाही माहीत. आईचा चेहरा आता मला फोटोतलाच आठवतो. फोटोच्या बाहेरची आई आठवायला गेलो, तर काहीच हाती लागत नाही. तिचा आवाज नाही, हात नाहीत. मला वाटलं, ती काकडी तोंडात गेली तर काहीतरी येईल. म्हणून मागे लागलोय, खादाड म्हणून नाही.

मुलगा : मला कळतंय, बाबा. खरंच कळतंय. पुढच्या वर्षी चौथी काकडी तुमची. पण आत्ता वेलावर ती एकच आहे.

बाबा : वेलावर नाही.

मुलगा : आहे. सकाळी मी पाहिली.

बाबा : तू आंघोळीला गेलास, त्यानंतर मी पाहिली.

मुलगा : बाबा, ती काकडी कुठे आहे?

बाबा : माझ्या सदऱ्याच्या खिशात. परवाच मुद्दाम खोल खिसा लावून घेतला.

सून : तरी म्हटलं, आज तुम्ही असे एका कुशीवर कलून का बसलात.

मुलगा : दाखवा. हळू. दाबू नका. देठ आहे ना? देठ लांब ठेवलाय? कुणीतरी ओलं फडकं आणा. वेलाला नीट टेकवून बांधली, तर कदाचित धरेल परत.

बाबा : टाका मी घालून देईन. पण तो धरायचा नाही.

सून : सोड ती. कोवळी आहे अजून, आतलं बी कच्चंच असणार. म्हणजे तुझ्या कामाची आता राहिली नाही. बाबा, द्या, मी चिरते.

मुलगा : चिरू नकोस.

सून : का? बी तर गेलंच.

मुलगा : तरी नको.

सून : अरे, काय ठेवायची मग ती? फ्रेम करायची?

मुलगा : ठेवू या. वाळेल ती. मला वाळलेलं चालतं.

सून : तू माझ्याकडे बघून बोल. आणि ते पाकीट का झाकतोयस हाताने? दे इकडे. ‘घरची जुनी काकडी. पातळ साल. गोड, रसाळ.’ हे कुणी लिहिलं?

मुलगा : मी.

सून : तू कधी खाल्लीस?

मुलगा : बाबांनी सांगितलं होतं. मी लहान असल्यापासून सांगतायत.

बाबा : हो, गोडच होती. मला तशीच आठवते.

सून : आणि ही पाकिटं तू तुझ्या बी जपणाऱ्या मंडळात सगळ्यांना वाटलीस. त्यांच्यापैकी कुणी कळवलं असेल ना, कशी लागते ते?

मुलगा : माझी एक अट असते. बी घेणाऱ्याने पहिल्या हंगामात खायचं नाही, नुसतं बी वाढवायचं. सगळी शब्दाला पक्की माणसं आहेत.

सून : आणि दुसऱ्या हंगामात?

मुलगा : तोवर ती माझ्यासारखी होतात.

सून : म्हणजे एवढ्या घरांतून हा वेल चढतो आणि ही काकडी एकाही माणसाने खाल्लेली नाही.

मुलगा : एकाने खाल्ली. आपल्या दातांच्या डॉक्टरांनी. कळलं तेव्हा मी त्यांना मंडळातून कमी केलं.

सून : काय म्हणाले ते? चव कशी होती?

मुलगा : त्यानंतर एकदाच भेटलो. दाढ दाखवायला गेलो होतो. ते म्हणाले, तुमच्या त्या काकडीबद्दल जरा बोलायचं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, जाऊ दे. आणि मान हलवली.

सून : उभी का आडवी?

मुलगा : आडवी. मला भूल दिलेली होती, नीट विचारता आलं नाही.

सून : अरे देवा.

मुलगा : हसू नकोस. ती गोड नसेल तर मी इतकी वर्षं काय केलं, सांग मला. रजा काढून फुलांपाशी बसलो, तुला एक फूल दिलं नाही, बाबांना तरसवलं. ती गोड आहे म्हणून सगळं ठीक होतं. मला भीती वाटते, बस. झालं? मला खूप भीती वाटते.

सून : नाही हसत. ये, बस इथे.

बाबा : बाळा, मीही घाबरलोय. सकाळपासून खिशात आहे, मी केव्हाच खाऊ शकलो असतो. एकट्याने खाववेना.

मुलगा : द्या मग. मी चिरतो.

(मुलगा काकडीचे काप करतो.)

सून : पाणी छान सुटलंय. दिसतेय तरी रसाळ.

मुलगा : बाबा, आधी तुम्ही.

सून : काय, बाबा? कशी आहे?

बाबा : तू घे.

मुलगा : आधी सांगा ना.

बाबा : घे रे. सांगण्यासारखं नाही, खाण्यासारखं आहे.

सून : मी घेते. अगं बाई. पाणी. पाणी दे आधी.

मुलगा : कडू आहे?

सून : माझे कानसुद्धा कडू झाले.

मुलगा : टोकाचा काप असेल तो. टोकाला असते कधी कधी. हा मधला बघतो. नाही. मधलाही तसाच.

सून : बाबा, थुंका ते. आणखी काय घेताय? आणि तुम्हाला हसू कसलं येतंय?

बाबा : ही कुंपणावरची.

मुलगा : कुंपणावरची म्हणजे?

बाबा : दोन वेल होते. मी साफ विसरलो होतो बघ, दोन वेल होते. एक मागच्या दाराशी, मोरीच्या पाण्यावर वाढलेला. दुसरा कुंपणावर. कुंपणावरच्याला आम्ही भावंडं हात लावत नव्हतो. शेजारची बकरी आमचा दोरीवरचा टॉवेल खायची, पण याच्याकडे बघत नव्हती.

मुलगा : मग डब्यातलं बी?

बाबा : हिचंच. दुसरं कुठलं असणार? हिला कुणी खाल्लं नाही, म्हणून तर ही पिकून बियापर्यंत पोचली.

मुलगा : आणि दाराशी होती ती? तिचं बी?

बाबा : तिचं बी राहिलंच नाही. बोटाएवढी झाली की आम्ही फस्त करायचो. काय गोड होती म्हणून सांगू.

मुलगा : बियाला एकही ठेवली नाही कुणी?

बाबा : एक ठेवली होती आईने. पानाआड, फडकं बांधून. आम्ही रोज शाळेतून आलो की तिच्यासमोर ओळीने बसून राहायचो.

मुलगा : मग?

बाबा : मग तीही खाल्ली.

मुलगा : चोरून?

बाबा : चोरून कशाला? आईनेच चिरून दिली. मीठ लावून.