कमिटी, कहवा नि वादीवरचा पूल

मी मूळचा खाडीकडला, ताई. दापोलीच्या खालच्या अंगाला आमचं गाव, बाप बंदरावर मासळी सुकवायचा, म्हंजे ओट्यावर पसरायची, कावळे हाकायचे, उलटायची, परत कावळे हाकायचे, आनि आमी पाच भावंडं, मी मधला, मधल्याला कोन विचारत नाय तसा मी. शाळा सातवीपरेंत. मंग मामूनं हिकडं मस्कतजवळ रुसैलला पाइपांच्या कारखान्यात लावलं, कंपनीच्या बसनं जायचं, कंपनीच्या बसनं यायचं, दोन वर्षं मी मस्कत बघितलंच नाय, नुसती बसची काच बघितली. तिथनं सुटलो ते चहामुळं. कारखान्यातल्या एका मुदीरला, म्हंजे मॅनेजरला, माझ्या हातचा चहा आवडला, त्याचा मेव्हना बलदियात होता, बलदिया म्हंजे आपली नगरपालिका समजा, तिथं त्यानं मला फराश म्हनून लावला. फराश म्हंजे चहा-कहवा देनारा, फायली हिकडनं तिकडं नेनारा, टेबलं पुसनारा. विलायत, म्हंजे हिकडचा तालुका, कुठली ते लिहू नका, निझव्याच्या पलीकडं एवढंच लिहा. मान्सं चांगली हायत, उगाच कुनाला वाईट वाटायला नको.

तर त्या हापिसात एक कमिटी. तुमी म्हनाल फराशाला कमिटीचं काय. पन काय सांगू तुमाला, त्या कमिटीतली सगळी मान्सं बदलली, अध्यक्ष बदलले, खुर्च्या बदलल्या, इमारत बदलली, तोच राहिलेला मी एकटा. तिचा इतिहास कुनी लिहिला नाय. माझ्या किचनमधे जुन्या पाट्या होत्या, तेवढाच इतिहास. पहिली पाटी सफाई आनि बागा, तवा भाड्याच्या बंगल्यात बसायची, चार मान्सं नि एक पंखा. मंग रस्ते वाढायला लागले तशी पाटी बदलली, पर्यावरन आनि सार्वजनिक बांधकाम. जुनी पाटी मी फेकली नाय, चांगलं लाकूड, तिच्यावर कप पालथे घालायचो. अरबी मला वाचता येतं, कुरानमुळं, अर्थ लावायला वेळ लागायचा एवढंच.

तवा मेंबर वरनं नेमलेले असायचे. अध्यक्ष एक रिटायर हेडमास्तर, सगळे त्यांना उस्ताद म्हनायचे. कमिटीत बोलता बोलता कुनी मधे बोललं की बोट वर करायला लावायचे, दाढीवाल्या मान्सांना. चांगला मानूस. त्यांच्याच टायमाला माझ्या हातनं ते घडलं.

कहवा म्हंजे हिकडची कॉफी, ती द्यायची रीत असते, ताई. डाव्या हातात दल्ला, म्हंजे ती चोचीची किटली, उजव्या हातात फिंजान, बिनकानाची इवलीशी वाटी. उजवीकडनं सुरुवात करायची, वाटी भरायची नाय, तळाला दोन घोट. पुरे झालं की पाहुना वाटी हलवतो, नाय हलवली तर ओतत राहायचं. मी सगळं शिकलो होतो, नवीन होतो आनि ऐटीत होतो. त्या दिवशी वाळवंटाच्या कडेच्या गावातनं एक बदू, म्हंजे वाळवंटी टोळीतला मानूस, आला, अबू सालेम, म्हंजे सालेमचा बाप, हिकडं मानसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. त्याचं मागनं असं होतं की गावाच्या आनि शाळेच्या मधे वादी हाय, वादी म्हंजे एरवी नुसते गोटे, पन डोंगरात पाऊस पडला की घटकाभरात नदी, आनि पोरं तिच्यातनंच शाळेत जातात, तर तिथं पूल द्या. कागद दिला, बोलला, बसला. मी फिंजान दिला. त्यानं घेतला आनि पुढ्यात गालिच्यावर ठेवला. प्यालाच नाय. मला वाटलं थंड झाला असेल, पाहुन्याला थंड कहवा, माझीच लाज. पुढं गेलो, वाटी उचलली, थंड होतं ते ओतलं, नवा गरम भरला आनि अदबीनं त्याच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, नि प्याला.  मंग उस्ताद म्हनाले बघू, अभ्यास करू. अभ्यास करू म्हंजे काय ते हापिसात काम केलेल्याला ठाऊक.

बैठक उठली आनि थॉमसभाई किचनमधे आला. थॉमसभाई केरळचा, आमचा क्लार्क, अरबी फाडफाड. डोक्याला हात लावून म्हनाला, याकूबभाई, क्या किया तुमने. बदू लोकांत रीत हाय म्हने, मागनं घेऊन आलेला मानूस कहवा पुढ्यात ठेवतो, पीत नाय. यजमान विचारतो का पीत नाय, तो काम सांगतो, यजमान काम करीन म्हनून शब्द देतो, मंग पितो. आनि तू शब्दाच्या आधीच पाजलास, आता ते मागनं खलास.

खलास म्हनाला नि गेला, जेवायला. माझं जेवन गेलं ते कायमचंच म्हना. आमच्या गावात पन खाडी उतरून शाळेत जायचं, ताई, भरतीच्या पान्याची ओढ मला ठाऊक हाय. मी म्हटलं, तिथं एखादं पोर वाहून गेलं तर ते माझ्या वाटीनं गेलं.

तवापासनं डोंगरावर ढग दिसले की मी काम टाकून खिडकीत. पुढं मोबाइलवर मेसेज यायला लागले, वाद्यांना पानी येनार, सावध राहा, ते मी परत परत वाचायचो. त्या रस्त्यानं येनारे पानीवाले टँकर हापिसाशी थांबायचे, डायवरांना विचारायचो, वादीला पानी आलं काय, कोन अडकलं काय. ते म्हनायचे, तुझं कोन हाय तिकडं. काय सांगनार. एकदा शाळेची बस मधेच बंद पडली, चाकं बुडाली, पोरं टपावरनं उतरवली. कुनाला काय झालं नाय, पन मी ते ऐकलं आनि दल्ला माझ्या हातातनं सुटला, पाय भाजला, डाग हाय अजून. अबू सालेम परत कधी आला नाय. त्याचा सालेम दोनदा फायलीची चौकशी करायला आला, दोन्ही वेळा मी संडासात जाऊन उभा राहिलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. जाऊन माफी मागावी तर कुठल्या तोंडानं, पूल तर नाय झालेला.

मंग मतदान आलं, लोकांनी निवडलेले मेंबर यायला लागले, नवीन इमारत, आनि कमिटीचं झालं काय, तिचे दोन तुकडे केले. काम फार वाढलं म्हने. हिकडं पर्यावरन, तिथली अध्यक्ष डॉक्टर बाई, जनावरांच्या डॉक्टर, फार कडक. तिकडं बांधकाम, तिथला अध्यक्ष एक इंजिनेर, तोही कडक, पन मोठ्यानं. दोन खोल्या, मधे माझं किचन, दोन्ही बाजूंना दारं. बाईंनी झाडं लावली की इंजिनेरचा पाइप तिथनंच जायचा. इंजिनेरच्या मान्सांनी राडारोडा वादीत टाकला की बाईंचं पत्र. हिकडनं गेलो की बाई विचारायच्या, तिकडं काय चाललंय, तिकडनं आलो की इंजिनेर विचारायचा, तिकडं काय चाललंय. मी म्हनायचो, कहवा चाललाय, साहेब. सासू-सुनेच्या मधली मोलकरीन जशी, तसा मी.

आनि आपली फाइल? बांधकामवाले म्हनायचे वादी पर्यावरनाची, त्यांनी हो म्हटल्याशिवाय हात लावनार नाय. पर्यावरनवाले म्हनायचे पूल बांधकामाचा, त्यांनी नकाशा दिल्याशिवाय हो म्हननार नाय. फाइलच्या दोन फायली झाल्या, दोन नंबर पडले, एक ह्या कपाटात, एक त्या कपाटात. दोन्हीवरची धूळ मीच पुसायचो. अशी वर्षं गेली, माझ्या पोरीचं लग्न झालं, तिला पोर झालं.

आता हे सांगतो ते मी कुनालाच सांगितलेलं नाय. ऐन उन्हाळ्यात पर्यावरनाच्या खोलीतला एसी बंद पडला. बाई म्हनाल्या, याकूब, एसीवाल्याला बोलाव. मी म्हटलं यल्ला, आत्ता बोलावतो. आनि मी फोनच केला नाय. मुद्दाम नाय केला, ताई. दुसऱ्या दिवशी विचारलं, म्हटलं येतो म्हनालाय, इन्शाल्ला. तिसऱ्या दिवशी म्हटलं पार्ट मिळत नाय. खोटं बोललो, आयुष्यात एवढं खोटं बोललो नाय. त्या खोलीत टेबलाला हात लावला तर चटका बसायचा. बैठक तर घ्यायलाच हवी, तवा इंजिनेर दारात येऊन म्हनाला, डॉक्टर, उकडून मराल, हिकडं या, आमी सरकून बसतो. बाई गेल्या. फायली उचलून मी पाठोपाठ, आनि ती एक फाइल मी सगळ्यांत वर ठेवली. तिकडची त्यांच्या टेबलावर सकाळीच ठेवली होती.

मी कहवा ओतत होतो, कान तिकडं. बाई म्हनाल्या, ही वादीची फाइल, तुमच्या नकाशासाठी थांबलीय. इंजिनेर म्हनाला, कुठली, ही तर माझ्याकडं तुमच्या परवानगीसाठी थांबलीय. दोघांनी फायली उघडल्या. आत तोच कागद, अबू सालेमच्या सहीचा, उस्तादांचा शेरा, अभ्यास करा.  मंग इंजिनेरनं, जो एवढा मोठ्यानं बोलायचा, हळूच विचारलं, किती वर्षं झाली हो. बाईंनी तारीख वाचली आनि चष्मा काढून ठेवला.

त्या आठवड्यात दोघं एका गाडीतनं वादी बघायला गेले. परत आले ते भांडत नव्हते. आठ बैठका सगळे एकाच खोलीत बसले, एसी दुरुस्त झाला तरी तिथंच. शेवटी वरनं कागद आला, कमिटी एक करा, आनि पाटी परत तीच, पर्यावरन आनि सार्वजनिक बांधकाम. पुलाला मंजुरी मिळाली, वरपरेंत गेली, खाली आली, मशिनं आली. पूल झाला.

पूल झाला त्याच्या पुढच्या सुट्टीला मी टँकरवाल्याबरोबर गेलो. पुलावर गाडी थांबवायला लावली, उतरलो, चालत गेलो पलीकडं. खाली गोटे, वर शाळेची पोरं सायकलवर. मंग अबू सालेमचं घर विचारलं. म्हातारा जिता होता, डोळे गेलेले पन कान शाबूत. सालेमनं बसवलं, खजूर दिला. मी म्हटलं, बाबा, मी कमिटीतला फराश, तुमची माफी मागायला आलोय. आनि सगळं सांगितलं, वाटी, रीत, थॉमसभाई, ढग, बस, सगळं. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत. सांगताना मी रडत होतो, लाज नाय वाटली.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग विचारतो, वार कोनता होता आठवतो काय? मी म्हटलं नाय. तो म्हनाला, सोमवार. मी सोमवार-गुरुवार रोजा ठेवायचो, पन कुनाला सांगायचो नाय, रोज्याची जाहिरात कशाला. म्हनून वाटी घेतली नि खाली ठेवली. तू आलास, गरम ओतून हातात दिलीस, परदेशी मानूस एवढ्या अदबीनं देतोय, नाय कसं म्हनू, प्यालो. नफल रोजा, म्हंजे आपल्या मर्जीचा, यजमानाचं मन राखायला सोडला, गुन्हा नाय. दुसऱ्या आठवड्यात भरून काढला.

मी म्हटलं, मंग मागनं? तो म्हनाला, मागनं मी कागदावर दिलं होतं, कागद काय कहवा पितो? उस्ताद शहरातला मानूस, बदू नाय, त्याला आमची वाटीची रीत ठाऊक तरी होती काय. पूल कशानं अडला ते अख्ख्या विलायतीला माहीत, दोन खोल्या बोलत नव्हत्या. आनि हसायला लागला. दात नाय एक, पन काय हसला, ठसका लागला, सालेम पानी घेऊन धावला. ठसका थांबला तसा माझा हात चाचपून धरला नि म्हनाला, एवढी वर्षं तुला वाटत होतं सरकार तू अडवलंस? तू?

काय सांगू तुमाला, ताई. छातीवरनं कुनीतरी जातं उचललं. मी हसलो, रडलो, परत हसलो. एसीचं मात्र त्याला सांगितलं नाय, ते तुमालाच सांगतोय. थॉमसभाई आता केरळात असतो, त्याला फोन लावला आनि जेवढ्या मायेनं शिव्या देता येतात तेवढ्या दिल्या. तो म्हनतो, अरे मैंने तो किसीसे सुना था.

आता माझं संपत आलं, अजून दोन महिने, मंग गाव. कमिटीवर नवीन पोरं-पोरी निवडून आलीत, लॅपटॉप घेऊन बसतात, कहवा तरी पितात अजून. अल्ला त्यांना एका खोलीत ठेवो. माझ्या जागी एक बंगाली येनार हाय, त्याला दल्ला धरायला शिकवतोय. त्याला सांगितलं, पाहुन्यानं वाटी खाली ठेवली तर आधी विचार, का ठेवली. विचारायला काय लागतं. मी नाय विचारलं, कुनालाच नाय.

म्हाताऱ्याचा रोजा माझ्यामुळं सुटला होता. आमच्यात नफल रोजा सुटला तर भरून द्यावा लागत नाय, त्यानं तर भरलापन होता, तरी गेल्या सोमवारी मी एक रोजा ठेवला, त्याच्या नावानं. दुपारी डोंगर काळा झाला. मोबाइल वाजला. कमिटीतली एक नवीन पोरगी आत येऊन म्हनाली, चाचा, तिकडच्या वादीला पानी आलं म्हने, खूप आलं. मी फिंजान धूत होतो. म्हटलं, येऊ दे.