वाणात गेलेल्या पुंगळ्या

अगं, संक्रांतीचं हळदीकुंकू म्हटलं की आमचे हे अजून कपाळाला हात लावतात, ते का ते ऐक.

ह्यांना रायफल शूटिंगचा नाद. परवाना वगैरे सगळं रीतसर. बार भरायला नव्या रायफलीच्या मापाच्या पुंगळ्या मिळेनात, म्हणून मोठ्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणल्या आणि साच्यात दाबून महिनाभर एकेकीचं तोंड बारीक करत बसले. रविवारी स्पर्धा होती. शेवटी चिंचेनं घासून त्यांनी त्या उन्हात वाळत ठेवल्या.

सासूबाईंनी त्या बघितल्या आणि हळदीकुंकवात वाण म्हणून लुटल्या. सगळ्या!

"आई, काय केलंस हे?"

"उदबत्तीची घरं न्हवं ती? बायका खूश झाल्या की!"

दिलेलं वाण परत मागू नये, असं त्यांनी बजावलं. तरी हे निघालेच, मागोमाग मी. पहिलं दार शेजारच्या शालनवहिनींचं.

"वहिनी, ती पितळी पुंगळी जरा परत..."

"देते की भावजी. पण तोंड लईच बारीक ठेवलंय बघा. जाड धूपकांडी आत जाईना."

"मग?"

"मग काय, आमच्या ह्यांनी मोळा ठोकून रुंद केलं. ते बघून गल्लीतल्या समद्या बायका आपापली घेऊन आल्या!"

ह्यांनी पुंगळीचं तोंड मोजलं आणि हे पायरीवरच बसले. "जुन्या मापाची झाली गं परत."

शालनवहिनींना वाटलं, कौतुकच चाललंय. म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीला आधीच रुंद करून द्या, भावजी. आमच्या ह्यांचा हात लई दुखतोय."