शाफ्ट मास्तरांच्या घरी का टांगला होता

वर्गात मला सगळे मावशी म्हणतात, तेच लिहून घ्यावे. वय चव्वेचाळीस, धंदा पूर्वी शिवणकाम, सध्या इंजिन रिकंडिशनिंगचे, म्हणजे जुनी इंजिने नव्यासारखी करण्याचे, शिक्षण, राहणार वर्गामागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावरची खोली. कोणी बोलावले नसता स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

आमच्या मास्तरांना चोरीच्या संशयावरून काल इथे आणले आहे. वर्गाच्या स्टोअरमधला क्रँकशाफ्ट त्यांच्या घरी सापडला, हे खरे. त्याचे दुसरे टोक धरून घरापर्यंत नेणारी मी. भर दुपारी, रस्त्याने, चार लोकांदेखत नेला. चोर एवढा घाम गाळत नाहीत.

शाफ्ट म्हणजे इंजिनचा कणा. हा शाफ्ट मी घासून मापात आणलेला आहे आणि माझी परीक्षा त्यावरच आहे. तो उभा टांगून ठेवायचा असतो. आडवा टाकला तर स्वतःच्याच वजनाने वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, इंजिनला बरोबर कळते. स्टोअरला रंग द्यायचा म्हणून स्टोअरकीपरने टांगायचे आकडे काढले आणि शाफ्ट जमिनीवर लोळवला. मास्तरांनी हटकले तेव्हा तो माझ्यासमोर म्हणाला, "लोखंड आहे हो! झोपलं तर काय आजारी पडणारेय? एवढी काळजी असेल तर घरी न्या." त्याने दिलेल्या तक्रारीत हे वाक्य आलेले दिसत नाही.

घरी पाळण्याचा जुना आकडा होता, त्याला मास्तरांनी शाफ्ट टांगला. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "मी नातवंडाची वाट बघतेय आणि तुम्ही हे काय आणलंत?" मास्तर म्हणाले, "परीक्षेपर्यंत सांभाळ गं. मावशींची मेहनत आहे त्यात."

शिवणाचा कारखाना बंद पडल्यावर मी जिथे शिकायला जाईन तिथे "स्वयंपाकाचा वर्ग पलीकडे" असे ऐकून घेतले. मास्तरांनी फक्त हात पुढे करायला सांगितले. म्हणाले, "थरथरत नाहीत. या उद्यापासून." जाडी मोजायचा मायक्रोमीटर मी फार आवळायची. तेव्हा म्हणायचे, "मावशी, गळा दाबू नका त्याचा. प्रेमानं विचारा, खरं सांगेल." आज माझ्या हातात जी विद्या आहे ती त्यांची. हे उपकार माझ्याने फिटणारे नाहीत. मला कोणी पढवून पाठवलेले नाही.

त्यांच्यावर चोरीचा शिक्का बसला तर नोकरी जाईल आणि वर्गही बंद पडेल. तेव्हा चोरी म्हणायचीच असेल तर अर्धी माझ्या नावावर लिहावी.

हवालदारसाहेबांनी वरचे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तसेच उतरले आहे. एकच राहिले. जप्त केलेला शाफ्ट तुमच्या टेबलाखाली आडवा पडला आहे. मास्तर कालपासून समोरच्या बाकावर बसून त्याच्याकडेच बघत आहेत. मला सोडा, असे ते एकदाही म्हणालेले नाहीत. त्याला उभा करा, एवढेच म्हणतात. तेवढे आधी करावे, मग मी सही करते.