रूदोच्या गावची टाळी

सगळ्यायले जयभीम. तुमी इतके जण आले, कॉलेजची पोरं आली, गल्लीतल्या बाया काम टाकून आल्या, बरं वाटलं. मले भाषण येत नाई. चुकलं-माकलं तं सांभाळून घ्या.

मी सुमन. दवाखान्यात नर्स होती, आता घरीच असतो. जिच्यासाठी आपण जमलो, ती रूदो दोन वर्षं माह्या घरी राहिली, जुन्या शहरात, वरच्या खोलीत. झिम्बाब्वेची पोरगी. कापसाचं शिकाले अकोल्याले आली होती. तापाचं निमित्त झालं अन् चार दिवसांत गेली. काल तिची पेटी विमानानं घरी गेली. जिंदगीभर म्या दुसऱ्याच्या लेकरायचा ताप उतरवला. हिचा नाई उतरला.

एकदा म्या तिले विचारलं, 'तू घरी आफ्रिकन बोलतं काय वं?' तिनं मलेच विचारलं, 'मावशी, तुमी घरी भारतीय बोलता का?' मऊ बोले, पन सोडे नाई कोणाले. तिची भाषा कारंगा. मने, राजधानीतले लोक आमचं बोलनं ऐकून हसतात, खेड्यातलं मनतात. म्या मनलं, मंग तं बाई तू आमचीच. आमच्या मले-तुलेले पुण्यात असंच हसतात. तवापासून आमचं लय जमलं.

पन तिच्या पहिल्याच दिवशी माह्या हातून एक चूक झाली होती. तेच आज सगळ्यायसमोर सांगाले उभी हाय मी.

म्या तिले भाकर अन् झुनका वाढला. ताटाले हात लावायच्या आधी ही पोरगी गुडघ्यावर बसली अन् टाळ्या वाजवल्या. मले राग आला. वाटलं, टिंगल करून रायली. मनलं, 'काहून वं? इथं तमाशा चालू हाय का? जेवू घालनाऱ्यापुढं टाळ्या वाजवत नसतात.' तिनं हात खाली घेतले. 'सॉरी मावशी' मनलं अन् जेवली. त्यानंतर माह्या घरात तिनं कधीच टाळी वाजवली नाई. दोन वर्षं. काहून वाजवली होती, हे म्या बी कधी विचारलं नाई.

एक गोष्ट मात्र तिनं मले शिकवली. तिच्या गावी सकाळी कोणी विचारलं, नीट झोपले का, तं नुसतं हो मनून भागत नाई. मनावं लागते, 'न्दारारा काना मारारावो.' तुमी झोपले असाल, तं मी बी झोपली. माही जीभ वळे नाई, ती पोट धरून हसे. पन ती रोज विचारे, अन् मी रोज मने.

दवाखान्यात शेवटच्या सकाळी बी तिनं डोळे उघडले अन् मलेच विचारलं, झोपली का. म्या मनलं, तू पड गुमान. उत्तर दिलंच नाई.

तिच्या मायले फोन म्याच केला. माय फक्त कारंगा बोलते, मामा मधात इंग्रजीत सांगे. मले वाटलं, माय भांडन. भांडावंच ना? लेकरू माह्या भरवशावर होतं. ती थोडं बोलली. मंग बोलनं थांबलं. अन् फोनातून आवाज आला. टप. टप. टप. हळू टाळ्या. मामा मने, 'बहीण गुडघ्यावर बसली हाय. तुमी आमच्या लेकीले जेवू घातलं. आमच्यात आभार हातानं मानतात.'

लेकीची जे टाळी म्या बंद केली होती, तेच टाळी तिची माय मले देऊन रायली होती. मी फोन कानाले लावून फक्त रडली.

शोकसभेत टाळ्या वाजवत नाई, मले माहीत हाय. पन आज वाजवा. हा फोन चालू हाय, तिकडं माय ऐकून रायली. उभे राहा. हात वाटीसारखे करा, एकावर एक आडवे. जोरात नाई. हळू. मंग दोन मिनिटं गप राहू.

त्याच्या आधी एक. त्या सकाळचं माहं उत्तर राहिलं होतं, ते देतो.

रूदो, तू नीट झोपली असशील, तं मी बी झोपली.